ब्लूमिंग्टनच्या हॉटेलची विमानतळ-शटल: सेवा चोख, पण चालकाचा डॉलर कोणी द्यायचा?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनिॲपोलिस–सेंट पॉल विमानतळाच्या दक्षिणेला ब्लूमिंग्टन नावाचे शहर आहे. 'मॉल ऑफ अमेरिका' तिथे असल्यामुळे पर्यटकांना ते ठाऊक असते. आम्हा विमान कर्मचाऱ्यांना ते ठाऊक आहे मुक्कामामुळे, कारण इंटरस्टेट 494 च्या अंगाला विमानतळाच्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या हॉटेलांची रांगच्या रांग आहे आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी विमान कंपन्यांनी करार करून खोल्या राखून ठेवलेल्या असतात. मी एका अमेरिकी विमान कंपनीत फ्लाइट अटेंडंट आहे, माझा बेस न्यूअर्क आहे आणि हिवाळ्याच्या वेळापत्रकात ब्लूमिंग्टनचा लेओव्हर, म्हणजे दोन उड्डाणांमधला मुक्काम, माझ्या वाट्याला वरचेवर येतो. ज्या हॉटेलात आमची सोय असते, त्याच्या शटल सेवेचे हे परीक्षण आहे. तिथल्या खोल्यांविषयी आणि न्याहारीविषयी इतरांनी भरपूर लिहिले आहे; शटलविषयी मात्र 'वेळेवर आली' किंवा 'उशीर झाला' यापलीकडे कोणी लिहीत नाही, आणि ती चालवणाऱ्या माणसाला विमान कर्मचाऱ्यांनी टिप द्यावी की नाही, या प्रश्नावर तर आमच्याच लोकांत उघड उघड दोन तट आहेत.

आधी सेवा कशी आहे ते सांगते. हॉटेलकडे दोन व्हॅन आहेत आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने एक फेरी होते. विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स घेऊन गाडी परत हॉटेलवर येते. रस्ता मोकळा असेल तर हे अंतर दहा-बारा मिनिटांचे आहे. पाहुण्यांसाठी फेरी मोफत आहे, म्हणजे तिचा खर्च खोलीच्या भाड्यात आधीच धरलेला आहे. विमान कर्मचाऱ्यांच्या सकाळच्या फेऱ्या आदल्या रात्री ठरवून स्वागतकक्षातल्या फळ्यावर लिहिल्या जातात आणि त्या वेळेला गाडी दारात इंजिन चालू ठेवून उभी असते, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

वक्तशीरपणाचे मला एवढे अप्रूप का, हे विमानात काम न करणाऱ्यांना कदाचित कळणार नाही. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ऑक्टोबर 2022 मध्ये नियम बदलून फ्लाइट अटेंडंटना दोन कामांच्या मध्ये सलग 10 तासांची विश्रांती बंधनकारक केली. त्याआधी ती नऊ तासांची होती आणि काही अटींवर आठ तासांवर आणता येत असे. वैमानिकांनाही 10 तास मिळतात आणि त्यांतले आठ तास अखंड झोपेसाठी मोकळे असावे लागतात. परंतु हे 10 तास मोजले जातात ते विमानतळावर कामातून सुटल्यापासून. त्यामुळे फुटपाथवर गाडीची वाट पाहण्यात गेलेली वीस-पंचवीस मिनिटे, हॉटेलपर्यंतचा रस्ता आणि दुसऱ्या दिवशीचा परतीचा रस्ता हे सगळे आमच्या झोपेतूनच वजा होते. ज्या सेवेवर दुसऱ्या दिवशीच्या सावधपणाचा एवढा भार आहे, तिला आम्ही मात्र 'फुकटची व्हॅन' म्हणून मोकळे होतो.

पहाटेच्या फेरीवर बहुधा एक वयस्क चालक असतात. जानेवारीत उणे वीस अंश सेल्सिअसच्या थंडीत आम्ही पोशाखावर जाड कोट चढवून काचेच्या दाराआडून बाहेर पाहत असतो, तेव्हा हे गृहस्थ एका हाताने मीठ भुरभुरवत आणि दुसऱ्या हातातल्या बुटक्या झाडूने व्हॅनच्या पायरीवरचा अर्धवट वितळलेला बर्फ खरवडत असतात, कारण त्या पायरीवर पाय घसरला तर माणूस सरळ पाठीवर आपटतो. सामान ते कसेही कोंबत नाहीत. बॅगा उभ्या लावतात, त्यांच्या मुठी दाराकडे येतील अशा बेताने, म्हणजे टर्मिनलवर एकेक बॅग नुसती धरून ओढता येते. आणि आमच्या जेवणाच्या पिशव्या, ज्यांत दोन दिवसांची पोळी-भाजी आणि वरण भरलेले असते, त्या वेगळ्या काढून सपाट जागी ठेवतात. एकाच फेरीत दोन कंपन्यांचे कर्मचारी असतील, तर कोणाला आधी हजर व्हायचे आहे हे ते निघतानाच विचारून घेतात आणि त्यांचे सामान शेवटी चढवतात, म्हणजे ते पहिल्यांदा उतरते. हे कौशल्य आहे आणि ते कोणत्याही वेतनश्रेणीत मोजलेले नाही.

त्रुटी आहे ती रात्रीची. अकरानंतर हॉटेलात एकच माणूस असतो आणि तोच स्वागतकक्षही सांभाळतो. तो गाडी घेऊन निघाला की काउंटरवर पाटी लागते आणि नुकतेच आलेले पाहुणे तिष्ठत राहतात. काउंटरवर गर्दी असली की विमानतळावर आम्ही तिष्ठतो. एकदा दुसऱ्या टर्मिनलबाहेर आम्ही सहाजण पाऊण तास कुडकुडत उभे होतो आणि त्या तरुण मुलाने आल्या आल्या सगळ्यांची माफी मागितली, जी वास्तविक त्याने मागायची नव्हती. दोन माणसांचे काम एकावर टाकण्याचा निर्णय व्यवस्थापनाचा आहे. अशा रात्री काही सहकारी रागाने टिप देत नाहीत. तो राग चुकीच्या माणसावर निघतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता टिपचा प्रश्न. न देणाऱ्यांचे म्हणणे मी तुच्छतेने उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. ते म्हणतात की हे हॉटेल आम्ही निवडलेले नाही, ही फेरी म्हणजे आमच्या कामावर जाण्या-येण्याचा रस्ता आहे, आणि कामावर जाण्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे हे कुठले न्याय्य? महिन्याला दहा लेओव्हर आणि प्रत्येकात दोन फेऱ्या धरल्या, तर फेरीला एक डॉलर या हिशेबाने वर्षाचे 240 डॉलर होतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या फ्लाइट अटेंडंटला ही रक्कम लहान नाही. आमचे वेतन मुख्यतः उड्डाणाच्या तासांवर असते. प्रवासी विमानात चढत असताना आम्ही जे राबतो, त्याचे पैसे द्यायला मोठ्या अमेरिकी कंपन्यांत पहिली सुरुवात डेल्टाने केली, तीही 2022 मध्ये आणि नेहमीच्या निम्म्या दराने. जिला स्वतःच्या कामाचे पूर्ण मोल मिळत नाही, तिने दुसऱ्याच्या वेतनाची उणीव का भरून काढावी, हा प्रश्न नवख्या मुली विचारतात आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे.

दुसरे म्हणणे कायद्याचे आहे. काही सहकारी सांगतात की मिनेसोटात चालकाला पूर्ण किमान वेतन मिळते, तेव्हा टिपची गरज टेक्सासमध्ये, इथे नाही. यातला पहिला भाग खरा आहे. अमेरिकेचे संघीय किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरवर थबकलेले आहे, आणि ज्या कामगाराला नियमितपणे महिन्याला 30 डॉलरहून अधिक टिप मिळते, त्याला मालकाने रोख 2.13 डॉलर दिले तरी संघीय कायद्याला चालते. हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. उरलेले 5.12 डॉलर टिपमधून आले असे धरले जाते आणि तेवढे आले नाहीत, तरच मालकाला भर घालावी लागते. टेक्सासमध्ये हाच हिशेब चालतो. मिनेसोटात टिप अशी वेतनातून वळती करता येत नाही. 2025 मध्ये तिथले राज्याचे किमान वेतन 11.13 डॉलर होते आणि ते टिप मिळो न मिळो, पूर्ण द्यावेच लागते.

पण यातून निष्कर्ष मात्र उलटा निघतो. जिथे मालक टिप वेतनात धरतो, तिथे माझ्या डॉलरातला काही भाग प्रत्यक्षात मालकाचा खर्च वाचवतो. मिनेसोटात माझा डॉलर पूर्णपणे चालकाच्या पदरात पडतो. ज्याला आपला पैसा योग्य माणसाच्या हाती जावा असे वाटते, त्याने ब्लूमिंग्टनमध्ये हात आखडता घेण्याचे कारण नाही. शिवाय तासाला अकरा डॉलरांत त्या भागात भाडे भरून घर चालवणे किती कठीण आहे, हे तिथे राहणाऱ्या कोणालाही विचारावे. आणखी एक गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते: चालक धरून 16 किंवा त्याहून अधिक माणसे बसतील अशा गाडीला व्यावसायिक वाहनपरवाना लागतो, म्हणून हॉटेलांचा कल त्याहून लहान गाड्या ठेवण्याकडे असतो, आणि त्या गाड्यांवर बसच्या चालकाचा पगार मागता येत नाही, जबाबदारी मात्र तितकीच असते.

टिप किती द्यावी, याविषयी अमेरिकेतल्या हॉटेलमालकांची संघटनाच, म्हणजे अमेरिकन हॉटेल अँड लॉजिंग असोसिएशन, आपल्या मार्गदर्शिकेत शटल चालकाला माणशी एक ते दोन डॉलर किंवा अख्ख्या गटाने मिळून चार-पाच डॉलर सुचवते. आमच्यातली जुनी रीत, बॅग हातात घेताना प्रत्येकाने एकेक डॉलर द्यायचा, ती याच्याशी जुळते. मालकांची संघटना पाहुण्यांना टिपचा दर सांगते, ही गोष्ट मला खुपते. पण तिच्यावरून एवढे तरी सिद्ध होते की चालकाचे उत्पन्न ठरवताना टिप गृहीत धरलेली आहे आणि 'मोफत' या पाटीचा अर्थ 'चालकाला कोणी काही देत नाही' असा नाही. सरकारनेही तेच मान्य केले आहे. जुलै 2025 च्या करकायद्याने टिप मिळवणाऱ्यांना 2025 ते 2028 या वर्षांसाठी वार्षिक 25,000 डॉलरपर्यंतच्या टिपवर संघीय प्राप्तिकरात वजावट दिली, आणि कोषागाराने त्यासाठी केलेल्या व्यवसायांच्या यादीत शटल चालकांचा स्वतंत्र उल्लेख आहे. उलट, नोकरीसाठी स्वतःच्या खिशातून केलेला खर्च आम्हाला 2018 पासून संघीय करात वजा करता येत नाही.

तरीही पर डिएमचा, म्हणजे मुक्कामाच्या दैनिक भत्त्याचा, विषय काढावा लागेल. मुक्कामाच्या भत्त्यात फक्त जेवण धरलेले आहे, असे आम्ही एकमेकींना सांगतो. संघराज्य सरकार आपल्या नोकरांच्या प्रवासभत्त्यात किरकोळ खर्चासाठी दिवसाला जे पाच डॉलर धरते, त्याच्या व्याख्येत हमाल, सामान उचलणारे आणि हॉटेलचे कर्मचारी यांना दिलेली टिप स्पष्टपणे नमूद केली आहे. आमचा भत्ता सरकारी नाही, हे खरे. पण परगावी मुक्काम म्हटला की अशी देणी येतातच, हे भत्त्याच्या कल्पनेतच आहे. ती देणी भागतील एवढा भत्ता असावा, ही मागणी आपल्या युनियनने वाटाघाटींत ठासून मांडावी. चालकाला नकार देऊन ती पूर्ण होणार नाही.

हा वाद नवा नाही. अमेरिकी रेल्वेगाड्यांना जोडल्या जाणाऱ्या पुलमन कंपनीच्या शयनयानांतल्या पोर्टरांना, म्हणजे प्रवाशांची सेवा करणाऱ्या नोकरांना, जे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय होते, कंपनी इतके तुटपुंजे वेतन देई की घर चालवायचे ते प्रवाशांच्या टिपवर. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली 1925 साली त्यांची संघटना उभी राहिली आणि तिने 1927 मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे दाद मागितली ती टिपच्या प्रथेविरुद्धच. जगण्यापुरते वेतन द्या, टिपवर अवलंबून ठेवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याला तसा अधिकार नाही, असे सांगून आयोगाने 1928 मध्ये ते फेटाळले. कंपनीशी पहिला करार व्हायला 1937 साल उजाडले. प्रवाशांची सेवा करून पोट भरणाऱ्या माणसांनीच ही प्रथा अपमानास्पद ठरवली होती, हे मला महत्त्वाचे वाटते. आम्हीही प्रवाशांची सेवा करतो. विमानात कोणी हातावर पाच डॉलर ठेवू लागला, तर आमच्यातल्या बहुतेकींना अवघडल्यासारखे होते, कारण आमचे वेतन करारात लिहिलेले आहे. चालकाचेही तसेच असावे.

म्हणून माझ्या मते टिपचा भार मुळात विमान कंपनीने उचलायला हवा. आमच्या खोल्यांचा दर, उशिरा पोहोचल्यास जेवणाची सोय, गाडी किती मिनिटांत यावी, हे सगळे कंपनी हॉटेलशी कराराने ठरवते. त्याच करारात चालकाच्या मोबदल्याची एक ओळ घालणे अशक्य नाही, आणि काही करारांत ती असतेही. मात्र इथे एक फट आहे आणि ती बुजवल्याशिवाय करार निरुपयोगी ठरतो. संघीय कायद्यात मार्च 2018 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर मालकाला किंवा व्यवस्थापकाला कामगाराची टिप ठेवून घेता येत नाही. पण पाहुण्याने स्वखुशीने दिलेली रक्कम म्हणजे टिप. बिलात सक्तीने लावलेली रक्कम संघीय कायद्याच्या दृष्टीने टिप नसते, ते सेवाशुल्क असते आणि ते हॉटेलचे उत्पन्न धरले जाते. कंपनीने खोलीमागे एखादा डॉलर जादा दिला आणि तो हॉटेलच्या हिशेबात जिरला, तर आम्ही 'करारात टिप समाविष्ट आहे' म्हणून हात हलवत उतरणार आणि चालकाला मिळणार काहीच नाही. असे एका दुसऱ्या शहरातल्या हॉटेलात घडताना मी पाहिले आहे. तिथल्या चालकाला या समावेशाची वार्ताही नव्हती. इतकी वर्षे हे लोक देत का नाहीत, एवढेच त्याला कोडे होते. त्यामुळे करारात रक्कम लिहायची तर ती चालकाच्या पगारपत्रकात वेगळी दिसली पाहिजे, आणि ती दिसते की नाही हे आमच्या युनियनच्या हॉटेल समितीने वर्षातून एकदा तरी तपासले पाहिजे. तोपर्यंत मी हातात डॉलर देत राहीन आणि माझ्यासोबत नव्या मुली असतील तेव्हा त्यांच्या वाट्याचाही देईन. कॅप्टनने सगळ्यांच्या वतीने पाचाची नोट द्यावी, ही पद्धत तर मला सर्वांत समंजस वाटते, कारण वेतनातला फरक ती न बोलता लक्षात घेते.

भारतातून मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांनाही हा प्रश्न पडतो, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. मुंबईत विमान कर्मचाऱ्यांना घरून नेणारी गाडी कंपनीच्या कंत्राटदाराची असते आणि तिच्या चालकाच्या हातावर रोज कोणी पैसे ठेवत नाही; दिवाळीला पोस्त दिली जाते, ती आपुलकीने. ती सवय मनात ठेवून अमेरिकेत आलेला माणूस कृपण नसतो, त्याला इथली रीत कोणी सांगितलेली नसते एवढेच. विमानतळाच्या हॉटेलात एका रात्रीसाठी उतरलात आणि चालकाने 23 किलोच्या दोन-दोन बॅगा उचलून चढवल्या, तर दोघांत मिळून चार-पाच डॉलर द्यावेत. एकेकाच्या नोटा विमानतळावरून निघण्यापूर्वी सुट्या करून घ्याव्यात, कारण गाडीत वीसची नोट पुढे करून सुटे मागणे दोघांनाही अवघड जाते. काही हॉटेलांच्या गाड्यांत आता क्यूआर कोड चिकटवलेले दिसतात. या हॉटेलात तसे काही नाही आणि चालक तोंडाने कधी सुचवतही नाहीत.

शटलला मी पाचांपैकी चार तारे देते. पाचवा तारा राखून ठेवला आहे तो रात्रीच्या व्यवस्थेसाठी: अकरानंतर गाडीवर वेगळा माणूस नेमावा, दुसऱ्या टर्मिनलबाहेर नेमके कुठे उभे राहायचे याची खूण सांगणारा कागद विमान कर्मचाऱ्यांच्या सहीच्या वहीत लावावा, आणि आमच्या कंपनीशी झालेल्या करारात चालकांसाठी काही रक्कम ठरलेली असेल, तर ती किती आहे हे त्यांना लेखी कळवावे. यांतली शेवटची मागणी मी हॉटेलच्या व्यवस्थापकांना आणि आमच्या हॉटेल समितीला, दोघांनाही स्वतंत्रपणे लिहून पाठवली आहे.